‘असंच बरं दिसतं’ ह्याच्यापुढे काय बोलायचं?

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

“ताई, मी कुडाळला असते. मुंबईत अप्लाइड आर्ट केलं, थोडी वर्षं एजन्सीत काढली, मग घरी येऊन स्वतःचं काम सुरू केलं. आंब्याचे बॉक्स, काजूची पाकिटं, होमस्टेचे बोर्ड, लग्नपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, येईल ते करते. काम चांगलं असतं असं लोक म्हणतात पण कोणी ‘असं का केलंस’ विचारलं की माझी बोबडी वळते. परवा तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या काकांना हायवेवरच्या बोर्डाचं डिझाईन दाखवलं. ते म्हणाले, ‘नाव वायच मोठा कर गो, लांबसून दिसाक व्हया,’ आणि खाली दोन फोन नंबर, इन्स्टाग्राम, एसी-नॉनएसी आणि घरगुती मालवणी जेवण हेही घाल. मी म्हटलं चांगलं नाही दिसणार. का? तर म्हटलं असंच बरं दिसतं. त्यावर ते म्हणाले मग माझ्या पुतण्याने मोबाईलवर केलंय त्यालापण त्याचं बरंच दिसतंय की. दुसरं म्हणजे हाताखाली एक पोरगा ठेवलाय, त्याला शिकवायला बसते आणि शेवटी मीच माऊस ओढून घेऊन करून टाकते. मला खरंच काही येतं की नुसता हात बसलाय?”

अगो बाय, आधी त्या काकांचा आणि पुतण्याचा राग बाजूला ठेव, कारण काका बरोबर बोलत होते आणि तूपण बरोबर होतीस, फक्त दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतात. त्या बोर्डाकडे येते मी, पण आधी ते शेवटचं वाक्य. “नुसता हात बसलाय” हे तू असं लिहिलंयस जसं काही ते ज्ञानापेक्षा खालचं काहीतरी आहे. तसं नाहीये. हात बसणं हेच तुझ्या धंद्यातलं ज्ञान आहे, निदान त्यातला मोठा हिस्सा, आणि ते तोंडाने पटकन बाहेर येत नाही ह्यात तुझा काही दोष नाही.

ह्यावर लोकांनी बराच विचार करून ठेवलाय. मायकल पोलानी म्हणून एक माणूस होता, आधी रसायनशास्त्रज्ञ, मग तत्त्वज्ञानाकडे वळला, त्याने १९६० च्या दशकात हेच मांडलं की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. पुढे एमआयटीत शिकवणाऱ्या डोनाल्ड शॉनने १९८३ मध्ये आर्किटेक्ट, इंजिनीअर, मानसोपचार करणारे, नगररचनावाले असे वेगवेगळे लोक काम करताना डोकं कसं चालवतात ते मांडलं. त्यातलं एक उदाहरण तुझ्या फार कामाचं आहे. आर्किटेक्चरची एक विद्यार्थिनी प्राथमिक शाळेचं डिझाईन करताना अडकलीय, जागा उताराची आहे आणि तिची इमारत त्यावर काही केल्या बसत नाहीये. सर येतात, तिच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवतात आणि बोलत बोलत काढायला लागतात. आता त्यांचं बोलणं नुसतं लिहून काढलं तर काही कळत नाही, सगळं “हे इथे”, “हे असं खाली”, “मग ह्याला हे मिळतं” असलंच. पण पेन्सिल बघत ऐकलं की लख्ख कळतं. म्हणजे एक अनुभवी माणूस, शिकवणारा माणूस, त्यालापण चित्राशिवाय नुसत्या शब्दात सांगता येत नव्हतं, आणि तू काकांच्या पडवीत बसून, लॅपटॉप बंद करून, नुसत्या तोंडाने सांगायला गेलीस.

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल (मासेमारांचा म्होरक्या) बघ, किनाऱ्यावर उभा राहून पाण्याचा रंग बघून सांगतो मासळी कुठे आहे ती. त्याला घरी ओट्यावर बसवून विचार कसं ओळखता, तर तो म्हणेल ‘समाजता’, संपला विषय. पण पाण्यासमोर उभा कर, तो बोट दाखवेल, तिथे बघ, त्या पट्ट्याच्या अलीकडे, आता हलला बघ. चार हंगाम त्याच्या बाजूला उभं राहिलेल्या पोराला हळूहळू दिसायला लागतं.

तेव्हा माझं सांगणं एवढंच आहे की तुझं ज्ञान समजावून सांगण्यापेक्षा दाखव, आणि दाखवताना ती वस्तू जिथे वापरली जाणार तिथे नेऊन दाखव. आता हे बोलायला सोपं आहे, करायचं कसं ते सांगते.

काकांचा बोर्ड घे. तू म्हटलंस चांगलं नाही दिसणार. ‘चांगलं’ म्हटलं की विषय आवडीनिवडीचा झाला आणि आवड तर पुतण्यालापण आहे, तिथे तू हरणारच. त्याऐवजी हिशोब मांड. बोर्ड समजा कसालच्या आधी हायवेवर लागणार, जिथून लोक मालवणकडे वळतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने धरली (आणि आपल्याकडे एवढ्यावर कोण थांबतंय) तर ती सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. बोर्ड वाचायला ड्रायव्हरला ३ सेकंद दिले तरी ५० मीटर. म्हणजे ५० मीटरवरून, १६४ फुटांवरून, अक्षर वाचता आलं पाहिजे. साईनबोर्डवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, आरामात वाचता यायला दर १० फूट अंतरामागे १ इंच उंचीचं अक्षर. म्हणजे आपल्याला साधारण १६ इंचाचं अक्षर लागतं. आणि हा ठोकताळा इंग्रजी कॅपिटलच्या हिशोबाचा आहे, आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो, तेव्हा एका ओळीला दीडपट जागा धर, २४ इंच. काकांचा बोर्ड ४ फूट उंचीचा असेल तर ४८ इंच. दोन ओळी. बास. एका ओळीत नाव, दुसरीत ‘तारकर्ली’ आणि बाण, खेळ खल्लास. फोन नंबर, इन्स्टाग्राम, एसी, जेवण ह्यांना बोर्डावर जागाच नाहीये, ते चांगलं दिसो की वाईट.

आता बघ गंमत, ह्या हिशोबाने काकांचंच म्हणणं खरं ठरतं. ‘लांबसून दिसाक व्हया’ हा त्यांचा मुद्दा होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता! त्यांना फक्त हे माहीत नव्हतं की नाव मोठं पाहिजे आणि खाली पाच गोष्टी पण पाहिजेत ह्या दोन मागण्या एकमेकींचा जीव घेतात. ते ओळखणं हे तुझं ज्ञान. तुला ते डोळ्याने एका क्षणात दिसलं, म्हणून तू बोर्ड मोकळा ठेवलास, पण काकांना त्यातलं काहीच दिसलं नाही, त्यांना दिसली ती नुसती रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेचे पैसे कोणाला द्यायला आवडत नाहीत. क्लायंट जेव्हा ‘हे मोठं कर’ म्हणतो ना, तेव्हा ते करायचं की नाही ह्यावर लगेच बोलू नकोस, आधी विचार, तुम्ही कुठून बघताय? किती लांबून? निम्म्या वेळा उत्तर निघतं, मोबाईलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, चष्म्याशिवाय.

ह्यावरून आठवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती इमेज पाठवून ‘कसं वाटतंय’ विचारायचं आजपासून बंद. दहा फुटी बोर्ड तळहाताएवढ्या काचेवर बघून माणूस जे मत देतो ते त्या काचेबद्दलचं मत असतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप इमेज दाबून पाठवतं, आणि स्क्रीनवरचा तो झगझगीत केशरी किंवा पोपटी छपाईच्या चार शाईत तसाच्या तसा येत नाही, मग छापून आल्यावर ‘मोबाईलवर असा नव्हता’ हे ऐकायचं तूच. बोर्ड असेल तर जागेचा फोटो काढ, त्यात बोर्ड बसव, गाडीतून दिसेल तेवढ्या आकाराचा, आणि काकांना तो फोटो दाखव. बॉक्स असेल तर खऱ्या मापाची प्रिंट काढून खोक्याला चिकटव आणि खोकं हातात दे. आंब्याच्या बॉक्सचं तर मी म्हणते पाच-सहा खोकी एकावर एक रचूनच दाखवायची, कारण वाशीच्या मार्केटला ती तशीच रचलेली असणार, वरचं झाकण दिसतंय कुणाला? दिसते ती बाजूची पट्टी. बागायतदार झाकणावरच्या आंब्याच्या फोटोवर अर्धा तास बोलतात आणि बाजूच्या पट्टीबद्दल चकार शब्द नाही, ते एकदा रचलेली थप्पी बघितली की स्वतःच म्हणतात, अरे नाव इथे पाहिजे. तू काही न बोलता.

आणि एकच डिझाईन नेऊ नकोस. सगळ्यात मोठी चूक आपले डिझायनर लोक हीच करतात, दहा पर्याय करून नऊ मनातल्या मनात मारून टाकतात आणि दहावा चकचकीत करून ठेवतात. समोरच्याला वाटतं एकच केलं, पाच मिनिटात. तुझं सगळं शहाणपण त्या मेलेल्या नवात होतं! म्हणून त्यातले दोन बरोबर ने, आणि प्रत्येकाबद्दल एकच वाक्य बोल, हा का सोडला. काकांना बोर्डाचे दोन प्रिंटआउट दे, एक त्यांच्या सगळ्या मजकुराचा, एक दोन ओळींचा, भिंतीला लाव आणि त्यांना अंगणाच्या टोकाला उभं करून वाचायला सांग. बोर्डाची उंची ४ फूट आणि कागदावर ती ८ इंच असेल तर सहा पटीने लहान झाली ना, मग अंतरही सहा पटीने कमी, ५० मीटरच्या जागी साधारण ८ मीटर. अंगणात मावतं तेवढं. काय वाचता येतंय ते त्यांनाच सांगू दे.

काही गोष्टी आकड्यात बसत नाहीत, त्या शेजारी शेजारी ठेवूनच कळतात. उदाहरणार्थ ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअर आपोआप जे अंतर देतं ते रोमन अक्षरांच्या हिशोबाचं असतं, अक्षराच्या मापाच्या १२० टक्के, आणि मराठीत त्यावर सोडून दिलं की वरच्या ‘कुडाळ’चा उकार खालच्या ‘वेंगुर्ले’च्या रफारात जाऊन बसतो. तुला ते बघून कसंतरी होतं आणि तू अंतर वाढवतेस, न विचार करता. क्लायंटला फक्त जाणवतं की इथे गर्दी झालीय. तसंच ‘ल’ आणि ‘श’चं. मराठी वळण वेगळं, हिंदी वळण वेगळं, आणि बरेचसे फॉन्ट हिंदी वळण समोर ठेवतात. आपल्या आजीआजोबांना पत्रिका दाखवली की म्हणतात ‘काहीतरी परकी वाटते गो’, का ते सांगता येत नाही, डोळ्याला बाराखडी वेगळी लागलेली असते. खूप फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत असतात, सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे सांगितलं की बदलतात. हे तुला माहीत असेलच, पण तू ते कधी कुणाला दाखवलंयस का? एका कागदावर ‘लाल’, ‘शेवाळे’, ‘मालवण’ दोन्ही वळणात छापून ठेव, ऑफिसच्या भिंतीवर लावून टाक. पुढच्या वेळी पत्रिकेवाली पार्टी आली की त्या कागदाकडे बोट दाखव, दहा सेकंदाचं काम, आणि त्यांना कळतं की ही बाई काहीतरी असं बघते जे आपल्याला दिसत नाही.

आता जरा भांडते तुझ्याशी. ‘का केलंस’ला उत्तर पाहिजे म्हणून तू रंगांच्या मानसशास्त्राकडे जाशील, सगळेच जातात. निळा म्हणजे विश्वास, पिवळा म्हणजे आनंद, हिरवा म्हणजे निसर्ग, आणि लोगो झाल्यावर त्यावर वर्तुळं काढून दाखवायची की बघा सोनेरी गुणोत्तरात बसवलाय. कृपा करून हे करू नकोस. एक तर ते खरं कारण नसतं, तू रंग निवडलास तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं, नंतर चिकटवलेलं असतं. दुसरं, समोरचा काही खुळा नाही, मासळी आणि आंब्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला थापा लगेच कळतात. तो तोंडावर काही बोलत नाही, नुसता हसतो आणि पैशाच्या वेळी घासाघीस करतो. त्यापेक्षा खरी कारणं सांग ना, ती कितीतरी भारी असतात. फ्लेक्सवरचा लाल आणि पिवळा उन्हात आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. हायवेवरचे जुने वाढदिवसाचे बॅनर बघ, सगळ्या नेत्यांचे चेहरे निळे पडलेत! तेव्हा ‘काका, मी नाव गडद निळ्यावर पांढरं केलंय कारण लाल केलं तर दोन उन्हाळ्यात ते फिकं होईल आणि पावसात तर तुम्हाला माहितीये,’ हे सांग. विश्वासबिश्वास नको. इथे चार महिन्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सोसायचाय त्या बोर्डाला.

तसंच बॉक्सचं. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यावर छपाई बहुतेक एक-दोन रंगात होते, बारीक रेघा शाईने भरून जातात, काळ्यातली बारीक पांढरी अक्षरं तर बुजतातच. म्हणून अक्षर जाड घेतलं, नक्षी काढून टाकली. ह्याला म्हणतात कारण. काजूच्या पाकिटावर शाकाहारीचा हिरवा ठिपका लागतो आणि त्याला किमान माप आहे, दर्शनी बाजू १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर ठिपका ३ मिलीमीटर व्यासाचा तरी पाहिजे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षावाल्यांचा, १४ आकडी नंबर लागतो, वजनाचा आकडा केवढा असावा हेसुद्धा नियमात ठरलेलं आहे. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी, पण म्हणून प्रत्येकाने तो लोगो चिकटवायचा नसतो, त्यासाठी वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बागायतदाराला पहिल्याच भेटीत ‘तुमची नोंदणी झालीय का? मग त्या लोगोची जागा धरून चालते’ एवढं विचारलंस तरी तो खुर्चीत सरळ बसतो. हे सगळं तुला माहीत आहे आणि तू ते ज्ञान म्हणून धरतच नाहीस, तुला वाटतं ज्ञान म्हणजे रंगसंगती आणि कॉम्पोझिशन, बाकी सगळं कटकट.

आणि जे खरंच सांगता येत नाही? असतं तसं पण. नावातल्या दोन अक्षरांमध्ये तू केसभर जागा कमी केलीस, का? डोळ्याला खुपत होतं म्हणून. तिथे सरळ सांग, ‘हे माझ्या डोळ्याचं आहे काका, एवढं माझ्यावर सोडा.’ पण हे वाक्य दहा गोष्टींतल्या एका गोष्टीला वापर. बाकी नऊला कारण दिलं असेल तर दहावी माणूस तुझ्यावर सोडतो. सगळ्यालाच ‘माझा डोळा’ म्हटलंस तर पुतण्याच्या डोळ्याने काय घोडं मारलंय?

कुठे ऐकायचं आणि कुठे नाही हेपण मनात ठरवून जा. वाचता येणं, कायद्याने लागणारा मजकूर, छपाईत टिकणं ह्या बाबतीत मागे हटू नकोस. रंग कुठला, कोपऱ्यात गणपती पाहिजे की नारळाचं झाड, आजोबांचा फोटो पाहिजे का, ह्यात कितीही मागे हट, घर त्यांचं आहे, आजोबा त्यांचे आहेत. आपल्याकडच्या शिकून आलेल्या पोरांचा इथेच घोळ होतो, आजोबांच्या फोटोवरून भांडतात आणि फोन नंबर ६ पॉइंटमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात, जातो तो चालतो.

पुतण्याबद्दल थोडक्यात. तयार टेम्प्लेटवर किंवा एआयवर केलेलं तो आणणारच, आज ना उद्या सगळे आणणार, त्याला नावं ठेवू नकोस. छापून बघ त्यांच्यासमोर. एआयने केलेल्या चित्रात मराठी जोडाक्षरं फुटलेली असू शकतात, मोबाईलची इमेज मोठी केली की कडा फुटतात, कापायला कडेला ३ मिलीमीटर सोडलेले नसतात. चांगलं असेल तर चांगलं म्हण आणि छपाईला तयार करून देण्याचे पैसे घे, तेपण काम आहे.

पैशाचं तू पत्रात स्पष्ट लिहिलं नाहीस पण ओळींच्या मध्ये दिसतंय. बिलावर ‘बोर्ड डिझाईन, १ नग’ असं लिहितेस ना? मग समोरचा नगाचाच भाव करणार, फ्लेक्सवाला चौरस फुटावर लावतो तसा. बिलात काम लिही, जागेवर जाऊन अंतर आणि उजेड बघितला, अक्षराचं माप काढलं, तीन पर्याय केले, खऱ्या मापाची प्रिंट तपासली, छपाईच्या वेळी हजर राहिले. आणि दोन वेळा बदल फुकट, पुढच्या प्रत्येक बदलाला इतके, हे आधीच. नातेवाईकांना सूट द्यायची तर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखव. नाहीतर मामेभावाला पाचशेत केलं की ते पाचशे पूर्ण तालुक्यात तुझा रेट म्हणून फिरतात.

आता तो पोरगा. माऊस ओढून घेऊ नकोस, हे पहिलं. मला माहितीये अवघड आहे, हात शिवशिवतात, दोन मिनिटाचं काम तो वीस मिनिटं करतो. पण तू ओढून घेतलास की त्याला दिसतं फक्त आधीचं आणि नंतरचं, मधलं काही दिसत नाही, आणि सगळं मधेच असतं. त्या शाळेच्या ड्रॉइंगवर सरांनी ट्रेसिंग पेपर ठेवला होता ना, तसंच कर. त्याच्या डिझाईनची प्रिंट काढ, वर बटर पेपर ठेव, पेन्सिलने काढत बोल. त्याचं काम खाली तसंच राहतं, पुसलं जात नाही, आणि तुझा विचार वर दिसतो. ‘बॅलन्स नाही’, ‘फ्लो नाही’, ‘जरा ब्रीद करू दे’ असलं बोलू नकोस, त्याला त्यातलं काही कळत नसणार, तो नुसता मान हलवतो. त्याऐवजी विचार, पहिल्यांदा नजर कुठे गेली? मग कुठे? तिथून बाहेर पडली की अडकली? प्रिंट उलटी धरून बघायला लाव, म्हणजे अक्षरं वाचली जात नाहीत आणि नुसते काळे-पांढरे आकार दिसतात, जडपणा कुठे आहे ते आपोआप कळतं. डोळे बारीक करून बघायला लाव. आणि दर कामाला तू स्वतः एका वहीत लिहायला लाग, काय ठरवलं, त्याच्यासाठी काय सोडलं, नंतर काय झालं. नंतर काय झालं हे सगळ्यात महत्त्वाचं, आपण बोर्ड लावला की विसरून जातो, सहा महिन्याने जाऊन बघत नाही की त्याचं काय झालं, काकांना फोन करून विचारत नाही की माणसं वळतात का कसालला. ती वही त्याला वाचायला दे. तुझ्या बोबडी वळण्यावरपण तेच औषध आहे, लिहिताना सापडतं आपण काय केलं ते.

त्याला घेऊन प्रेसवर जा, मशीनवाल्यासोबत अर्धा दिवस उभा कर. चार प्लेटा, चार शाया, एक प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला लाल सावली कशी येते ते त्याने डोळ्याने बघितलं की चार रंगांच्या मिश्रणात बारीक मजकूर ठेवायचा नाही हे तुला पुन्हा सांगायला लागणार नाही. मालवण बंदरात ने, होड्यांवर हाताने रंगवलेली नावं असतात ती बघा, वाकड्या फळीवर, पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या जागेत पेंटरने अक्षरं कशी बसवलीत. त्याला म्हणावं ह्यातलं एक नाव हाताने उतरव, मापासकट. फ्लेक्स आल्यापासून हे पेंटर लोक कमी झाले आणि त्यांच्याबरोबर अक्षरातल्या जागेचं एक पूर्ण शिक्षण गेलं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं, जो हाताखाली राहिला त्यालाच मिळालं. एखादा जुना पेंटर तुमच्या बाजारात अजून असेल, त्याला चहा पाजा आणि त्याच्याकडून एक बोर्ड समोर बसून रंगवून घ्या. प्रश्न नका विचारू, बघा.

आणि सावंतवाडी तुमच्यापासून जवळ आहे, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, बनवतात ती दाखव त्याला. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची पानं, प्रत्येकाची १२, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पानं, सगळी गोल, हाताने रंगवलेली. लोक तिथे जाऊन ‘वा काय सुंदर’ म्हणून फोटो काढून येतात. त्याला सांग सुंदर म्हणायचं नाही, हे खेळायचे पत्ते आहेत, हातात पंख्यासारखे धरलेले असताना कुठलं पान कुठल्या अवताराचं हे खेळणाऱ्याला कसं कळायचं ते शोध. पानाच्या जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, रंग प्रत्येक अवताराला वेगळा, मासा, कासव, परशू अशी खूण वेगळी, पान गोल त्यामुळे उलटं-सुलटं धरायची भानगड नाही. ज्याने हे ठरवलं त्याने कुणाला रंगाचं मानसशास्त्र सांगितलं नसेल. पोराने येऊन ह्यातलं जे पकडलं ते काजूच्या पाकिटाच्या चार व्हरायटीला लावून दाखवू दे, साधा, खारा, मसाला, मिरी, दुकानाच्या फळीवर लांबून वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यांदा वाईट करेल. करू दे, बटर पेपर आहेच.

सुट्टीच्या दिवशी नको नेऊस, पर्यटकांची गर्दी असते आणि निवांत बघता येत नाही. कामाच्या दिवशी जा, आणि त्या दिवसाचा त्याचा पगार धर.